पाकिटातला केक मुरवताना

ठाण्याच्या खाडीकाठच्या कळव्यात वाढदिवसाचा केक साधारण तीन वाटांनी घरात येतो. एक, केकच्या दुकानातून. दोन, घरून ऑर्डर घेणाऱ्या एखाद्या ताईंकडून. खारेगाव, पारसिक नगर, मनीषा नगर, विटावा या भागांत असे केक करणारी घरं आता नवी राहिलेली नाहीत. आणि तीन, किराण्याच्या दुकानातून चॉकलेट प्रीमिक्सचं पाकीट आणायचं आणि घरच्या कुकरमध्ये केक लावायचा.

या तिसऱ्या केकला घरात फारसा मान मिळत नाही. ‘पाकिटाचाच आहे’ असं करणारीच आधी सांगून टाकते. माझ्या मते हा संकोच अनाठायी आहे. पाकिटातल्या केकमध्ये खरी उणीव एकच असते: तो लवकर कोरडा पडतो. या उणिवेवरचा उपाय सोपा आहे. केक भाजून झाला की त्याला भोकं पाडायची, त्यांत आटवलेल्या दुधाचं मिश्रण मुरवायचं, वर चॉकलेटचा थर द्यायचा आणि वाढताना जेम्सच्या रंगीत चॉकलेट गोळ्या पसरायच्या. अमेरिकेत याला पोक केक म्हणतात आणि तिकडे तो १९७०च्या दशकात घरोघर पोहोचला. कृती अगदी सोपी आहे, पण तिच्या प्रत्येक पायरीला कारण आहे. ती कारणं कळली की पाकिटाचा केक आपल्या हातचा होतो.

पाकिटात काय असतं

पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचावी. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. चॉकलेट केकच्या पाकिटावर साखर आणि मैदा अगदी वर दिसतात, मग कोको, खाद्यतेल किंवा दुधाची भुकटी, आणि शेवटी काही आकडे. या आकड्यांना बिचकायचं कारण नाही. आयएनएस ५०० म्हणजे सोडा. ४५० आणि ५४१ हे फॉस्फेटचे क्षार, म्हणजे सोड्याशी संयोग पावणारी आम्लं. ४१२ आणि ४१५ म्हणजे गवार गम आणि झँथन गम, पाणी धरून ठेवणारे डिंक. ४७१ म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पायसीकारक.

साखर एवढी जास्त का, हा प्रश्न रास्त आहे. गोडी हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. साखर पाणी ओढून धरते, त्यामुळे मैद्यातलं ग्लुटेन ताठ होत नाही. शिवाय स्टार्च फुगून घट्ट होण्याचं तापमानही साखरेमुळे वर सरकतं. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतो. केकच्या गोड पिठात त्याला ८० अंशांच्या पुढे जावं लागतं. तेवढ्या वेळात वायूचे बुडबुडे पिठाला वर उचलतात आणि मगच केकचा सांगाडा पक्का होतो. कमी गोड व्हावा म्हणून कोणी प्रीमिक्समध्ये वरून मैदा मिसळला, तर हा मेळ बिघडतो आणि केक दडस होतो.

सोडा आणि आम्लाची निवडही विचारपूर्वक केलेली असते. आपल्याकडे पार्ले-जीची बिस्किटं, दूध आणि इनो घालून कुकरमध्ये केक करतात. इनोच्या पाच ग्रॅमच्या पुडीत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल जवळपास सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास असतात. ओलं होताच दोघांचा संयोग होतो आणि सगळा कार्बन डायऑक्साइड मिनिटाभरात बाहेर पडू लागतो. म्हणून इनोचा केक लगेच तापल्या कुकरमध्ये गेला पाहिजे. प्रीमिक्समधली फॉस्फेटची आम्लं संथ असतात. त्यांचा बराचसा वायू उष्णता लागल्यावरच सुटतो. भांड्याला तूप लावायचं राहिलं, मधेच दार वाजलं, तरी पीठ पाच-दहा मिनिटं थांबू शकतं. पाकिटाचा केक सहसा फसत नाही, याचं मोठं कारण हे आहे.

अंड्याची गोष्ट

केक मिक्सचा जन्म अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. तिथल्या पी. डफ अँड सन्स या कंपनीकडे उसाची काकवी होती. जॉन डफ यांनी ती वाळवून पिठात मिसळली आणि या मिश्रणासाठी १९३०मध्ये पेटंटचा अर्ज केला. १९३३मध्ये पेटंट मिळालं. त्यात अंड्याची भुकटीही होती. नंतरच्या पेटंटात मात्र डफ कंपनीने अंडं काढून टाकलं, कारण गृहिणींना स्वतः ताजी अंडी फोडून घालणं जास्त आवडतं असं तिच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पिठाच्या मोठ्या गिरण्या या धंद्यात उतरल्या आणि १९४८मध्ये पिल्सबरीने चॉकलेट केकचं मिक्स बाजारात आणलं.

याबाबत एक कथा फार प्रसिद्ध आहे. १९५०च्या दशकात अर्नेस्ट डिश्टर या मानसशास्त्रज्ञाने म्हणे कंपन्यांना सल्ला दिला की बाईला अंडं फोडायला लावा, म्हणजे तिला आपण काही केल्याचं समाधान मिळेल, आणि त्यानंतरच केक मिक्स खपू लागलं. डिश्टर यांचं काम खरं आहे, पण ताज्या अंड्याची कल्पना त्यांच्याआधी वीस वर्षं डफच्या पेटंटात लिहिलेली होती. शिवाय ताज्या अंड्याने केक चवीला आणि पोताला खरोखरच सरस होतो, हे कारणही तितकंच मोठं होतं.

आपल्याकडे हा प्रवास उलट दिशेने झाला. इथल्या दुकानांत हिरव्या ठिपक्याच्या, एगलेस प्रीमिक्सची रेलचेल आहे. ज्या घरात रविवारी अंड्याची पोळी होते त्याच घरात वाढदिवस गुरुवारी, संकष्टीला किंवा श्रावणात आला की केक बिनअंड्याचा लागतो. सोसायटीत वाटायचा असेल तर प्रश्नच नाही. म्हणून इथल्या पाकिटातून अंडं पूर्णपणे वजा झालं आणि त्याचं काम स्टार्च, डिंक आणि पायसीकारकांवर आलं.

हे काम थोडं नाही. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठून केकला आधार देतो. पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल आणि पाण्याला एकत्र बांधतं, आणि बलकातल्या स्निग्धतेने केक ओलसर लागतो. अंडं नसलं की सांगाड्याची सगळी भिस्त मैदा आणि स्टार्चवर येते. आणि स्टार्चचा एक स्वभाव आहे: भाजताना फुगून मऊ झालेले त्याचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात आणि धरलेलं पाणी सोडतात. पाव शिळा होतो तो याच क्रियेने. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून एगलेस केक पहिल्या संध्याकाळी मऊ लागतो आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढला की भुसभुशीत. केक करणाऱ्या बाईच्या हातात यात काही उणं नसतं.

कुकरमध्ये भाजताना

मुंबई-ठाण्याच्या घरांत ओव्हन ही सर्रास असणारी वस्तू कधीच नव्हती. पाव पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आला, पण तो भट्टीत, बेकरीत भाजला गेला. घरात केक करायचा तर काचेचं झाकण असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, नाहीतर वाळू घातलेलं पातेलं, नाहीतर कुकर. वन-रूम-किचनमध्ये कुकर आजही सगळ्यांत सोयीचा आहे.

पाकिटावरची सूचना आधी वाचावी. काही मिश्रणं कुकरमध्ये पाणी ठेवून वाफेवर करायची असतात, काही कोरड्या उष्णतेवर. कोरडं भाजायचं असेल तर झाकणाचं रबर आणि शिट्टी दोन्ही काढून ठेवावीत. ही बाब सोयीची नसून सुरक्षिततेची आहे. कुकरमध्ये दाब साठता कामा नये. तळाशी जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळूचा थर द्यावा, त्यावर जाळी किंवा छोटा स्टँड ठेवावा आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं कुकर तापवावा. मिठामुळे आच सगळीकडे सारखी पसरते आणि केकचं बूड करपत नाही. रिकामा कुकर मात्र मोठ्या आचेवर तापवू नये. भांडं खराब होतं.

२५० ग्रॅमच्या पाकिटाला सहा ते सात इंची, किमान अडीच इंच उंच भांडं घ्यावं. आतून तेलाचा हात फिरवून तळाला बटर पेपर लावावा. पाणी किंवा दूध आणि तेल पाकिटावर लिहिलंय तेवढंच घालावं. पीठ एकाच दिशेने, गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावं. जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, केक चिवट होतो आणि कापल्यावर आत उभे बोगदे दिसतात. पाण्याच्या जागी कोमट कॉफी घातली तर कोकोचा स्वाद उघडतो. कॉफीची चव वेगळी जाणवत नाही.

भांडं आत ठेवल्यावर आच मंद करावी. सात इंची केकला साधारण ३० ते ४० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं झाकण उघडू नये. सांगाडा पक्का होण्याआधी थंड हवा आत शिरली की फुगलेला मधला भाग बसतो. मग मध्यभागी सुरी किंवा विणकामाची सुई खुपसून पाहावी. ती कोरडी, एखाद-दुसरा कण चिकटून बाहेर आली की केक झाला. इथे दोन-तीन मिनिटं जास्त गेली तरी काळजी नको. केक पुढे मुरवायचाच आहे.

भोकं आणि दूध

आता मुख्य कामाकडे. केक कुकरमधून काढल्यावर भांड्यातच दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. लगेच टोचला तर आतला स्टार्च अजून ओला आणि नाजूक असतो, भोकाच्या कडा फाटतात. पूर्ण गार होऊ दिला तर दूध आत शिरायला कुरकुर करतं. हाताला सोसेल एवढा गरम, हा योग्य क्षण.

जाड विणकामाची सुई, चॉपस्टिक किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याचं निमुळतं टोक घ्यावं. दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडावीत, कडेपर्यंत. खोली केकच्या उंचीच्या तीन चतुर्थांश असावी. तळापर्यंत भोक गेलं तर दूध खाली साचतं आणि बूड लगदा होतं, वरचा भाग मात्र कोरडाच राहतो. दर दोन-तीन भोकांनंतर सुई पुसावी, नाहीतर चिकटलेले कण पुढच्या भोकाचा वरचा भाग उकरतात.

मुरवण्याचं मिश्रण असं: १०० ग्रॅम मिल्कमेड किंवा कुठलंही गोड आटवलेलं दूध, ८० मिलिलिटर साधं दूध आणि एक मोठा चमचा कोको. कोको आधी थोड्या गरम दुधात गुठळी न ठेवता कालवावा, मग बाकीचं घालून मिश्रण कोमट करावं. दूध आटवून टिकवण्याची युक्ती गेल बोर्डेन यांनी १८५६मध्ये पेटंट केली, आणि नेस्लेच्या डब्यांतून गोड आटवलेलं दूध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात पोहोचलं. त्यात साखर चाळीस टक्क्यांहून जास्त असते. त्या साखरेमुळे ते टिकतं, आणि त्या साखरेमुळेच ते घट्टही असतं. नुसतं डब्यातलं घट्ट दूध ओतलं तर ते भोकांत बसून राहतं. केकच्या गाभ्यात शिरत नाही.

ते का, हे पाहण्यासारखं आहे. भाजलेला केक म्हणजे हजारो बारीक पोकळ्यांचं जाळं. द्रव या जाळ्यात केशाकर्षणाने ओढला जातो. द्रव जितका पातळ, तितका तो वेगाने जातो. जितका घट्ट, तितका रखडतो. म्हणून मिश्रण पातळ करायचं आणि कोमट ठेवायचं, कारण उष्णतेनेही दाटपणा कमी होतो. दुसरी ओढ आतून लागते. गरम केकच्या पोकळ्यांत गरम हवा आणि वाफ असते. केक निवताना हवा आकसते, वाफेचं पाणी होतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरचं दूध खेचलं जातं. तळलेला गरम गुलाबजाम पाकात सोडल्यावर मुरतो, पाकातले चिरोटे आणि पाकातल्या पुऱ्या रसरशीत होतात, त्यामागे हेच बळ आहे. आपल्या स्वयंपाकघरात हे शास्त्र पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. पोक केक त्याच कुळातला.

भोकं नसती तर काय झालं असतं? भाजताना केकच्या वरच्या पृष्ठभागावर दाट, कोरडी साल धरते. दूध तिच्यावर तळं करून साचतं. भोकं ही साल भेदतात आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या भिंतीतून दूध आडवं पसरतं. म्हणून भोकं जाड आणि मोजकी असण्यापेक्षा मध्यम आणि जवळजवळ असलेली बरी. अमेरिकेत जनरल फूड्स कंपनीने जेल-ओ या आपल्या जेलीच्या खपासाठी हा केक लोकप्रिय केला, तेव्हा हेतू वेगळा होता. पांढऱ्या केकमध्ये लाल-हिरव्या जेलीचे पट्टे दिसावेत म्हणून भोकं. लॅटिन अमेरिकेतला ट्रेस लेचेस तीन प्रकारच्या दुधात भिजतो, तिथे हेतू ओलावा. ठाण्याच्या दुकानांत मिळणारा रसमलाई केकही या दुसऱ्या वाटेचा. एगलेस पाकिटाच्या केकला गरज आहे ती याच वाटेची.

मिश्रण चमच्याने थोडं थोडं, आधी कडेला आणि मग मध्ये घालावं. कडा जास्त भाजलेल्या असतात, त्यांना जास्त लागतं. एक फेरी झाली की पाच मिनिटं थांबून दुसरी. सगळं घालून झालं की केक झाकून किमान दोन तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. स्टार्च आपलं पाणी सोडतोच आहे, पण आता त्याच्या भोवती साखरेने धरून ठेवलेला भरपूर ओलावा आहे. हा केक दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. वाढदिवसाच्या आदल्या रात्री करून ठेवता येतो. नोकरी करणाऱ्या, लोकलने ये-जा करणाऱ्या आईबापांसाठी हा फायदा फार मोठा आहे.

वरचा चॉकलेटचा थर

वर द्यायला गनाश उत्तम. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे, ७५ मिलिलिटर फ्रेश क्रीम. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावं, उकळू नये. ते चॉकलेटवर ओतून दोन मिनिटं तसंच ठेवावं, मग मधून बाहेर असं हलक्या हाताने ढवळावं. तुकतुकीत झालं की थोडं निवू द्यावं आणि गार केकवर पसरावं.

ठाणे-डोंबिवलीत घरी केक करणाऱ्या बहुतेकींच्या कपाटात चॉकलेटची जी लादी असते तिला त्या ‘कम्पाउंड’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या मंचरला कारखाना असलेल्या मोर्डेचं नाव त्यात ओळखीचं आहे. कम्पाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर विरघळतं. पण मेमध्ये खाडीकाठच्या घरात ते ताटातही विरघळू लागतं. कम्पाउंड जास्त उष्णता सोसतं आणि त्याला ठरावीक तापमानाला आणून घोटत बसावं लागत नाही. चवीला मात्र खरं चॉकलेट सरस. घरात खायचा केक असेल आणि फ्रिज जवळ असेल तर खरं वापरावं. उन्हात सोसायटीच्या गच्चीवर न्यायचा असेल तर कम्पाउंड.

एक सावधगिरी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले तर ते एकदम घट्ट आणि खरबरीत होतं. चॉकलेटमधले साखरेचे कोरडे कण त्या थेंबांनी ओले होऊन एकमेकांना चिकटतात. भरपूर क्रीम घातल्यावर असं होत नाही, कारण तेव्हा सगळी साखर विरघळायला पुरेसं पाणी मिळतं. म्हणून एकतर पाण्याचा स्पर्श नको, नाहीतर पुरेसं क्रीम हवं. बिघडलं तर चमचा-चमचा गरम क्रीम घालून ढवळत राहावं. बहुतेक वेळा सुधारतं.

जेम्स आणि संक्रांतीचा हलवा

पूर्व द्रुतगती महामार्गावर ठाण्यात कॅडबरी जंक्शन आहे. जवळच्या कॅडबरी कंपनीच्या चॉकलेटच्या कारखान्यावरून त्या चौकाला हे नाव पडलं. या कंपनीने भारतात १९४८मध्ये बस्तान बसवलं आणि १९६८मध्ये जेम्स आणल्या. त्यांचे थोरले भाऊबंद म्हणजे इंग्लंडमध्ये १९३७पासून स्मार्टीज या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि अमेरिकेतल्या १९४१च्या एम अँड एम्स.

या गोळ्यांवरचं कडक कवच कसं होतं, हे कळव्यातल्या आजींना वेगळं सांगायला नको. संक्रांतीचा काटेरी हलवा करताना त्या खसखस, तीळ किंवा साबुदाणा पसरट भांड्यात मंद आचेवर घेतात आणि साखरेचा पाक चमचा-चमचा घालत बोटांनी सतत हलवत राहतात. प्रत्येक चमच्याचं पाणी उडतं, साखरेचा पातळसा थर दाण्यावर स्फटिक होऊन बसतो, मग पुढचा चमचा. हे काम काही दिवस चालतं आणि मग त्या दाण्यांचे हार, बांगड्या, मुकुट होतात. जेम्सचं कवच याच तत्त्वावर होतं. गोल फिरणाऱ्या भांड्यात गोळ्या एकमेकींवर लोळत असतात, वरून पाक फवारला जातो, हवा सोडून तो वाळवला जातो, आणि असे अनेक थर चढतात. फरक दोन आहेत. हलव्याला आच चालते, जेम्सच्या पोटात चॉकलेट असल्याने हवा थंड ठेवावी लागते. आणि हलव्यावर काटा उठावा अशी इच्छा असते, जेम्सच्या गोळ्या मात्र सतत घासल्या जाऊन गुळगुळीत होतात आणि शेवटी त्यांना मेणाची झिलई देतात. मुखवासातली रंगीत बडीशेपही याच घराण्यातली.

हे नातं लक्षात ठेवलं की जेम्स केकवर कधी घालायच्या हा प्रश्न आपोआप सुटतो. हलव्याचे दागिने आपण हवाबंद डब्यात का ठेवतो? साखरेचं कवच हवेतला ओलावा ओढतं आणि चिकट होतं. जेम्सचे रंग पाण्यात विरघळणारे असतात. ओल्या गनाशवर गोळ्या लावून केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी कवचाला तडे गेलेले आणि भोवती लाल-निळी वर्तुळं पसरलेली दिसतात. पावसाळ्यात, जेव्हा खाडीवरच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा फ्रिजमधून काढलेल्या गार केकवर दव धरतं आणि त्यानेही रंग उतरतात. म्हणून नियम एकच: मेणबत्त्या लावण्याच्या आधी, अगदी शेवटी जेम्स घालाव्यात. गनाश थोडी मऊ असताना हलकेच दाबल्या की त्या घरंगळत नाहीत.

रंगांबद्दल आईवडील हमखास विचारतात. भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टारट्राझीन, सनसेट यलो, पाँसो ४आर, कार्मोसीन, एरिथ्रोसीन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्मीन आणि फास्ट ग्रीन. त्यांच्या प्रमाणालाही कायद्याने मर्यादा घातलेली आहे. पाकिटावर रंगाचा उल्लेख असतो, तो पाहून घ्यावा. ज्यांना कृत्रिम रंग नको असतील त्यांनी चिक्कीचा जाडसर चुरा, भाजलेले बदाम-काजू किंवा कुरकुरीत बिस्किटांचे तुकडे घालावेत. तेही शेवटीच, कारण ओलाव्याने त्यांचा कुरकुरीतपणा जातो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या गोल गोळ्या देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांच्या तुकड्यावर जेम्स कुटून भुरभुरवाव्यात.

ठेवणं आणि वाढणं

मुरवलेल्या केकमध्ये दूध आहे हे विसरू नये. साधा कोरडा केक दिवसभर बाहेर राहिला तर चालतं. हा केक मात्र दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि ठाण्याच्या उन्हाळ्यात तेवढाही नको. फ्रिजमध्ये झाकून तो तीन दिवस छान राहतो. फ्रिजमधला कांदा-लसणाचा वास दूध चटकन उचलतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा. हा केक भांड्यातून उलटा काढायचा नसतो. ज्यात भाजला त्यातूनच चौकोनी तुकडे करून वाढावा. त्यामुळे सजावटीचं कसब नसलेल्यालाही तो जमतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापलं की गनाशची धार स्वच्छ येते.

तत्त्व कळलं की पाकिटावरच्या चवीत अडकून राहायची गरज नाही. साध्या दुधाच्या जागी नारळाचं घट्ट दूध घालून, कोकोऐवजी वेलची-जायफळ घेतलं तर व्हॅनिलाच्या पाकिटाचा केक कोकणी वळणाचा होतो. चॉकलेटच्या केकला मोठ्यांसाठी कडक कॉफी मुरवता येते. आंब्याच्या दिवसांत हापूसचा रस थोड्या दुधात पातळ करून वापरावा. रस घट्ट असतो, त्यामुळे भोकं जरा मोठी पाडावीत. प्रमाण मात्र तेच ठेवावं. भाजलेल्या केकच्या वजनाच्या जवळपास निम्मं मिश्रण, ते पातळ आणि कोमट, आणि केक गरम असताना.

घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना पहिला केक शिकवायचा तर तो हा शिकवावा, असं मला मनापासून वाटतं. गॅसजवळ मोठं माणूस उभं राहावं, बाकी सगळं मुलांवर सोडावं: पाणी मोजणं, पीठ बेताने ढवळणं, सुई खुपसून पाहणं, भोकं पाडणं, दूध दोन फेऱ्यांत घालणं, जेम्ससाठी धीर धरणं. बुडबुड्यांनी पीठ का फुगतं, द्रव बारीक पोकळ्यांत कसा चढतो, साखरेचे स्फटिक ओलाव्याने का विरघळतात, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले धडे त्या तासाभरात ओट्यावर घडतात. आणि पाकिटाने वजनमापाची धास्ती काढून घेतलेली असल्याने मुलांचं सगळं लक्ष कारणांकडे राहतं. ‘पाकिटाचाच आहे’ हे वाक्य अशा घरात कोणाला म्हणावं लागणार नाही.